डिझेल पुन्हा उगवते का?

ऊर्जास्रोतांचा धडा शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. एका रकान्यात सूर्य, वारा, वाहते पाणी, लाकूड. दुसऱ्यात कोळसा, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू. पहिल्या रकान्यावर 'पुनर्नवीकरणीय' असे लिहितो, दुसऱ्यावर 'अपुनर्नवीकरणीय'. मुले वहीत उतरवून घेतात, परीक्षेत तसेच लिहितात आणि गुणही मिळतात.

पण एखाद्या वर्षी मागच्या बाकावरचा एखादा मुलगा विचारतो, "सर, खनिज तेल मेलेल्या जीवांपासून झालं ना? मग जीव तर आजही मरतात. म्हणजे आजही कुठंतरी तेल तयार होतच असेल. मग डिझेल दुसऱ्या रकान्यात का?" तेवढ्यात दुसरी मुलगी म्हणते, "आणि करंजीच्या तेलावर इंजिन चालतं असं मी वाचलंय. मग ते डिझेल कुठल्या रकान्यात?"

दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. 'पुस्तकात दिलंय तसं लिहा' असे म्हणून ते मिटवले, तर एका चांगल्या धड्याची संधी जाते. या लेखात आपण हे दोन प्रश्न शेवटपर्यंत नेऊन पाहू.

पेव आणि सुगी

त्या मुलाचे म्हणणे खरे आहे. खनिज तेल बनण्याची क्रिया थांबलेली नाही. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी मरतात, तळाशी जातात. त्यांतले बहुतेक वाटेतच कुजतात किंवा दुसऱ्या जीवांच्या पोटात जातात. जिथे तळाशी ऑक्सिजन कमी असतो तिथे थोडा भाग गाळात गाडला जातो. त्यावर गाळाचे थर साचत राहतात. दोन ते चार किलोमीटर खोलीवर, साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात, लाखो वर्षे हा माल 'शिजतो' आणि त्यातून तेल सुटे होते. ते तेलही सच्छिद्र खडकात अडकून राहिले तरच आपल्या हाती लागते. नाहीतर झिरपून निघून जाते. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात १९७४ साली सापडलेले 'बॉम्बे हाय'चे तेल अशाच, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री गाळाच्या थरांमधले आहे.

म्हणजे तेल आजही तयार होत आहे. प्रश्न आहे तो वेगाचा.

पूर्वी गावोगावी धान्याची पेवे असत. पिढ्यान्‌पिढ्या थोडे थोडे धान्य टाकून भरलेले एक प्रचंड पेव एखाद्या घराला मिळाले, असे समजा. घरातले लोक त्यातून रोज पोती काढतात. पेवात वर्षाला मूठभर धान्य पडतही असते. 'धान्य येतंय की!' असे म्हणून ते घर निश्चिंत राहू शकेल का? पेव किती दिवस पुरेल हे येणारी मूठ आणि जाणारी पोती यांच्या तुलनेवरून ठरेल. याउलट दुसरे घर दर सुगीला जेवढे पिकते तेवढेच वर्षभरात खाते. त्याचे कोठार कधीच फार मोठे नसते, पण ते रिकामेही होत नाही.

'पुनर्नवीकरणीय' या शब्दाचा अर्थ इथे दडला आहे. एखादी गोष्ट पुन्हा तयार होते की नाही, एवढेच पाहून भागत नाही. ती ज्या वेगाने तयार होते त्या वेगापेक्षा आपण ती जास्त वेगाने वापरतो का, हे पाहावे लागते. हा शब्द वस्तूचा गुणधर्म सांगत नाही, दोन वेगांची तुलना सांगतो. लाकूड आपण पहिल्या रकान्यात घालतो खरे. पण ज्या डोंगरावर झाडे वाढण्याच्या दुप्पट वेगाने तोड होते, तिथे लाकूडही दुसऱ्या रकान्यात गेलेले असते.

एका लिटरमागे किती?

या वेगातला फरक आकड्यांत सांगता येतो. जेफ्री ड्यूक्स या अमेरिकी परिसरशास्त्रज्ञाने २००३ साली एक हिशेब मांडला. प्राचीन काळच्या सूक्ष्म वनस्पतींतील किती कार्बन गाळात टिकला, त्यातल्या किती कार्बनाचे तेल झाले, त्यातले किती तेल आपण उपसू शकतो, अशी एकेक पायरी धरून त्याने उत्तर काढले. एक अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पेट्रोलमागे जवळजवळ ९० टन प्राचीन वनस्पतिद्रव्य खर्ची पडले आहे. म्हणजे एका लिटरमागे तेवीस-चोवीस टन! मूळ कार्बनाच्या दहा हजार भागांपैकी जेमतेम एक भाग इंधनात उतरतो. हा हिशेब पेट्रोलचा आहे, पण डिझेलही त्याच खनिज तेलातून निघते. त्यामुळे त्याचेही चित्र फारसे वेगळे नसणार.

शेत नांगरताना ट्रॅक्टर तासाला पाचेक लिटर डिझेल सहज पितो. त्या एका तासामागे शंभर टनांहून अधिक जुने वनस्पतिद्रव्य आहे, हे वर्गात सांगून पाहा. मुले गप्प होतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पेव बाजूला ठेवून सुगीवर इंजिन चालवता येईल का?

पॅरिसच्या प्रदर्शनातील शेंगदाणा तेल

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ सालचा, पॅरिसमधला. त्यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबतात की ती तापते, आणि तिच्यात इंधनाचा फवारा सोडताच तो आपोआप पेटतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तेच तत्त्व.

डिझेल यांनी आपले इंजिन शेंगदाणा तेलासाठीच बनवले होते, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले होते. फ्रेंच सरकारला ही कल्पना हवी होती, कारण त्यांच्या आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असे. इंजिन खनिज तेलासाठीच बांधलेले होते; काहीही बदल न करता ते शेंगदाणा तेलावर चालले, आणि इतके सुरळीत चालले की फारच थोड्या लोकांच्या हे ध्यानात आले. १९१२ साली खुद्द डिझेल यांनीच ही हकीकत सांगितली आणि वनस्पती तेलांना पुढे महत्त्व येईल असे मतही मांडले. पुढच्याच वर्षी इंग्लंडला जाताना बोटीवरून ते नाहीसे झाले. खनिज तेल स्वस्त होत गेले आणि शेंगदाणा तेल कढईतच राहिले.

तेल सरळ टाकीत का ओतत नाहीत?

इंजिन चालले, मग अडचण काय? एक सोपा प्रयोग करून पाहा. सुई काढलेल्या दोन सारख्या सिरिंज घ्या. दट्ट्या काढून एकीत १० मिलिलिटर पाणी व दुसरीत तेवढेच गोडे तेल ओता आणि खाली गळून जायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग तेल हाताला सोसेल इतके कोमट करून पुन्हा मोजा. तेलाला पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो, आणि कोमट केल्यावर तो वेळ कमी होतो. हा जो दाटपणा, त्यालाच आपण विष्यंदिता म्हणतो.

वनस्पती तेल डिझेलपेक्षा दहा-पंधरा पट दाट असते. इंजिनाच्या नोझलमधून इंधनाचा अगदी बारीक फवारा उडावा लागतो. तेल दाट असेल तर थेंब मोठे पडतात, अर्धवट जळतात, नोझलवर काजळी धरते आणि न जळलेले तेल खालच्या वंगणात उतरून त्याचा चिकटा होतो. प्रदर्शनात काही तास चालणे वेगळे आणि शेतावर हंगामभर चालणे वेगळे.

दाटपणाचे कारण रेणूत आहे. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. या साखळ्या कण्यापासून सोडवल्या तर प्रत्येकीची लांबी डिझेलच्या रेणूइतकीच, म्हणजे १६ ते १८ कार्बन अणूंची भरते. म्हणून तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश घालून सुमारे ६० अंशांवर ढवळतात. साखळ्या ग्लिसरीनला सोडतात आणि मिथेनॉलशी जोडल्या जातात. या नव्या द्रवाला जैवडिझेल म्हणतात. जड ग्लिसरीन तळाशी बसते, हलके जैवडिझेल वर येते. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: १०० किलो तेल आणि ११ किलो मिथेनॉल यांपासून सुमारे १०० किलो जैवडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन. बेल्जियममधील शावान यांनी १९३७ साली या पद्धतीचे पेटंट घेतले; त्यांनी पामतेल आणि मद्यार्क वापरला होता. असे इंधन घालून १९३८ साली ब्रुसेल्स ते लुव्हाँ या मार्गावर प्रवाशांची बसही चालली.

साबणाचा धडा शिकलेल्या मुलांना यात ओळखीचे काही दिसेल. तेलात पाणी किंवा सुटी आम्ले जास्त असतील तर कॉस्टिकमुळे जैवडिझेलऐवजी साबण होऊ लागतो. दमट जागी साठवलेल्या करंजीच्या तेलाची ही नेहमीची तक्रार आहे. (जैवडिझेल वर्गात बनवू नये. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असते, त्याची वाफही घातक असते.)

इथे एक बारीकसा मुद्दा आहे, तो वरच्या वर्गातील मुलांकडून काढून घ्यावा. आज मिथेनॉल बहुतेक करून नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनवतात. जैवडिझेलच्या रेणूत १९ कार्बन अणू असतील तर त्यांतले १८ झाडाचे आणि एक मिथेनॉलचा. म्हणजे 'वनस्पतिजन्य' इंधनातलाही सुमारे पाच टक्के कार्बन पेवातलाच असतो! शिवाय पिकाला घातलेले रासायनिक खत, नांगरट, वाहतूक, कारखाना यांतही खनिज इंधन जळते. अमेरिकेच्या ऊर्जा आणि कृषी खात्यांनी १९९८ साली सोयाबीनच्या जैवडिझेलचा असा जमाखर्च मांडला, तेव्हा एक एकक खनिज ऊर्जा घातली की ३.२ एकके ऊर्जा हाती येते, असे निघाले. व्यवहार फायद्याचा आहे, पण ऊर्जा फुकट मिळत नाही.

मोगली एरंडाने शिकवलेला धडा

आपल्याकडे खाद्यतेल जाळणे परवडणारे नाही. गेली काही वर्षे भारत दरवर्षी सुमारे दीड कोटी टन खाद्यतेल बाहेरून आणतो आहे. म्हणून नजर गेली ती अखाद्य तेलांकडे: करंज, मोह, कडुनिंब, कोकणातली उंडी आणि मोगली एरंड. पैकी मोगली एरंड म्हणजे बांधावर कुंपणाला लावतात ती वनस्पती. तिला गुरे तोंड लावत नाहीत, ती पाण्यावाचून तगते आणि बियांत ३० ते ४० टक्के तेल असते.

२००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने मोठी योजना सुचवली. २०११-१२ पर्यंत देशाच्या डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळायचे. त्यासाठी १ कोटी ३४ लाख टन जैवडिझेल लागेल आणि ते मिळवायला सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टर जमिनीवर मोगली एरंड लावावा लागेल. त्याच सुमारास, २००२ च्या अखेरीस, दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के जैवडिझेल मिसळून चालवण्यात आली होती. वातावरण उत्साहाचे होते.

आता या दोन आकड्यांचा भागाकार करू. १३४ लाख टन भागिले ११२ लाख हेक्टर, म्हणजे हेक्टरी सुमारे १.२ टन तेल. घाण्यातून तीस टक्के तेल निघते असे धरले, तर हेक्टरी चार टन बी हवे. सगळी योजना या एका आकड्यावर उभी होती. प्रत्यक्षात कोरडवाहू, मुरमाड जमिनीवर अनेक ठिकाणी हेक्टरी एक टनाच्याही आतच बी मिळाले.

असे का झाले? 'पाण्यावाचून तगते' आणि 'पाण्यावाचून पिकते' या दोन वाक्यांत गफलत झाली. दुष्काळात झुडूप जिवंत राहते ते पाने गाळून. आणि पाने नसतील तर बियांत तेल कशाचे भरणार? गहू-ज्वारीच्या मागे हजारो वर्षांची निवड आहे, मोगली एरंड मात्र अजून रानटीच. कुठले झुडूप भरपूर फळेल हे सांगता येत नव्हते. फळे एकाच वेळी पिकत नाहीत, त्यामुळे वेचणीची मजुरी वाढते. पेंड विषारी, जनावरांना चालत नाही. आणि कागदावर 'पडीक' असलेल्या जमिनीवर प्रत्यक्षात कोणाची तरी शेळ्या-गुरे चरत असतात, कोणी तरी सरपण गोळा करत असते. ज्या शेतकऱ्यांनी भरवशाने लागवड केली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती काही वर्षांनी उपटून टाकली. २००९ सालच्या राष्ट्रीय धोरणाने २० टक्क्यांचे लक्ष्य २०१७ वर नेले; २०१८ च्या धोरणाने ते ५ टक्के आणि २०३० असे केले. प्रत्यक्ष मिश्रण या सर्व काळात एक टक्क्याच्याही खाली राहिले.

(शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे आणखी एक: मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात पण विषारी असतात. त्या खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या वरचेवर येतात. शाळेच्या कुंपणाला हे झुडूप असेल तर मुलांना ते ओळखायला शिकवावे.)

फळ्यावरचा हिशेब

भारतात २०२३-२४ साली सुमारे ९ कोटी टन डिझेल लागले. झुडपांपासून हेक्टरी अर्धा टन तेल मिळते असे उदारपणे धरू.

पाच टक्क्यांसाठी लागेल ४५ लाख टन तेल, म्हणजे ९० लाख हेक्टर जमीन. महाराष्ट्राचे एकूण क्षेत्रफळ ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. सगळेच डिझेल असे पिकवायचे म्हटले तर १८ कोटी हेक्टर. देशातील पेरणीखालची सगळी जमीनच सुमारे १४ कोटी हेक्टर आहे!

आणखी एक गणित. महाराष्ट्रात सोयाबीन सुमारे ५० लाख हेक्टरांवर असते. हेक्टरी एक टन बी आणि त्यात १८ टक्के तेल धरा. राज्यातले सगळे सोयाबीन गाळून निघालेले तेल होते ९ लाख टन. देशाच्या डिझेलच्या ते एक टक्का भरते.

असे का व्हावे? याचे कारण प्रकाशसंश्लेषणात आहे. एका हेक्टरवर वर्षभरात सूर्याकडून सुमारे १ कोटी ८० लाख युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा येते. अर्धा टन तेलात साधारण पाच हजार युनिट असतात. म्हणजे साडेतीन हजार भागांतला एक भाग. झाड काही आपल्या इंजिनासाठी जगत नसते. त्याला मुळे, खोड, पाने, फुले सगळे करायचे असते. त्यातून इंजिनात या तेलातल्या ऊर्जेचा तिसरा हिस्साच कामी येतो. त्याच हेक्टरवर सौरपट्ट्या बसवल्या तर वर्षाला आठ लाख युनिट वीज मिळू शकते, म्हणजे कामाच्या हिशेबात चारशे पटींहून जास्त. अर्थात सौरपट्टीतून पेंड मिळत नाही, सावली-फुलोरा मिळत नाही, आणि वीज डब्यात भरून ठेवता येत नाही.

पूर्वी बैलजोडी ठेवायची तर वैरणीसाठी रान राखावे लागे. करंजीचे एक मोठे झाड वर्षाला २० किलो बी देते आणि घाण्यावर पावभर तेल निघते, असे धरा. झाडामागे पाच-साडेपाच लिटर तेल झाले. वर्षाला हजार लिटर पिणाऱ्या ट्रॅक्टरला सुमारे दोनशे झाडे लागतील. सात-सात मीटरवर लावली तर बरोबर एक हेक्टर. म्हणजे तेलावरचा ट्रॅक्टर हाही बैलच आहे, त्यालाही आपले रान लागते. पेवातल्या डिझेलने हे रान आपल्या नजरेआड केले होते, एवढेच.

कर्ज किती वर्षांचे?

ते रान कुठून येते, यावर सगळे अवलंबून आहे. झाड वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, तेल जळताना तोच परत जातो. म्हणून वनस्पती तेलाने हवेतला कार्बन वाढत नाही, असे आपण शिकवतो. जुन्याच शेतावर किंवा बांधावर हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण जंगल तोडून लागवड केली तर जंगलात साठलेला कार्बन आधी हवेत जातो. ते झाले कर्ज. दरवर्षी वाचणाऱ्या खनिज डिझेलमधून ते हप्त्याहप्त्याने फिटते.

अमेरिकेतील फार्जियोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली हे हप्ते मोजले. इंडोनेशिया-मलेशियातील सखल वर्षावन तोडून तेलताड लावला, तर पामतेलाच्या जैवडिझेलला कर्ज फेडायला ८६ वर्षे लागतात. दलदलीतील, कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर असलेले जंगल तोडले तर ४२३ वर्षे! तेलताड हे हेक्टरी तीन-चार टन तेल देणारे, तेलपिकांतले सर्वांत उदार झाड आहे. त्याच्या आधाराने इंडोनेशियाने २०२५ सालापासून डिझेलमध्ये ४० टक्के जैवडिझेल मिसळणे सुरू केले. इंधन वनस्पतीचेच, पण रान कुठले होते यावर त्याचा हिशेब जमेचा की खर्चाचा हे ठरते. इथेही प्रश्न पुन्हा वेगाचाच आहे.

रेणू तोच, पत्ता वेगळा

आता त्या दोन रकान्यांना शेवटचा धक्का. वनस्पती तेलावर दाबाखाली हायड्रोजनची क्रिया केली तर त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि उरतात शुद्ध हायड्रोकार्बन, खनिज डिझेलमध्ये असतात तेच. फिनलंडमध्ये २००७ पासून असे डिझेल कारखान्यात तयार होते. सोळा कार्बनांचा सेटेन हा रेणू घ्या. तो खनिज तेलातून काढला काय किंवा वनस्पती तेलापासून बनवला काय, वासात, रंगात, जळण्यात काडीचा फरक नाही.

मग फरक कशात? वयात. हवेतल्या कार्बनात किरणोत्सारी कार्बन-१४ चे अगदी थोडे अणू असतात. झाड ते शोषते. ५,७३० वर्षांत ते निम्मे होतात, आणखी तितक्या वर्षांत पाव उरतात. कोट्यवधी वर्षे पुरलेल्या तेलात त्यांतला एकही उरत नाही. म्हणून डिझेलमध्ये वनस्पतीचा वाटा किती, हे प्रयोगशाळेत कार्बन-१४ मोजून खरोखरच ठरवतात. जुन्या हाडांचे वय काढणारे घड्याळच इथे इंधनाचा जन्मदाखला देते.

मग वनस्पती तेलाची जागा कोणती?

सगळ्या वाहनांना पुरेल इतके तेल शेतातून मिळणार नाही. पण म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. जिथे तारांनी वीज पोचते तिथे ती वापरणे सोपे. आपल्या रेल्वेने जवळजवळ सगळे ब्रॉडगेज मार्ग विजेवर नेले आहेत. विमानासारख्या ठिकाणी जड बॅटरी वाहून नेणे कठीण, तिथे द्रव इंधन मोलाचे. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या तेलापासून बनवलेले इंधन मिसळून २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडून ते दिल्ली विमान उडवण्यात आले.

दुसरी जागा आहे वाया जाणाऱ्या तेलाची. पुन्हा पुन्हा तळलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली की ते खाण्यास वापरू नये, असा नियम २०१८ पासून आहे. ते गोळा करून त्याचे जैवडिझेल करता येते. त्याला नवे रान लागत नाही आणि भज्यांच्या गाड्यावर ते पुन्हा विकलेही जात नाही.

तिसरी जागा गावाची. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील पॉवरगुडा या आदिवासी पाड्यावर स्त्रियांच्या बचत गटांनी करंज लावला, तेलाचा घाणा चालवला. करंजीच्या तेलामुळे दहा वर्षांत टळणाऱ्या १४७ टन कार्बन डायऑक्साइडच्या बदल्यात २००३ साली त्यांना जागतिक बँकेकडून ६४५ डॉलर मिळाले. रक्कम लहान, पण बी, तेल आणि खताला चालणारी पेंड गावातच राहिली.

वर्गात परत

मुलांना एक काम द्या. आपल्या गावातील ट्रॅक्टर, पंप, जीपगाड्या वर्षाला किती डिझेल जाळतात याचा अंदाज घरोघर विचारून काढा. मग बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला करंज, मोह, कडुनिंबाची किती झाडे आहेत ती मोजा. झाडामागे पाच लिटर धरून गावाच्या डिझेलचा कितवा हिस्सा निघेल ते पाहा. उत्तर बहुधा लहान येईल. पण मग विचारा: हे थोडके तेल कोणत्या कामासाठी राखाल? नांगरटीला, पाण्याला, की रुग्णवाहिकेला? आणि बाकीची कामे कशाने कराल?

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आता उत्तर देता येईल. डिझेल आजही तयार होते आहे, बाळा. पण आपण एका वर्षात जितके जाळतो तितके व्हायला लागणारा काळ माणसाच्या मोजमापात बसत नाही. आणि त्या मुलीला सांगता येईल की करंजीचे तेल दरवर्षी येते, पण झाडाला फळ धरेल तेवढेच येते. फळ्यावरचे दोन रकाने राहू द्यावेत. फक्त त्यांच्यामधली रेघ पक्क्या खडूने न ओढता, प्रत्येक इंधनाच्या पुढे दोन प्रश्न लिहावेत: किती वेगाने येते? किती वेगाने जाते?